वरच्या खोलीला फोम

धुळ्याहून व्याह्यांचा फोन आला तेव्हा अभिमनराव देवरे ओला पंचा डोक्यावर घेऊन कूलरसमोर बसले होते. पिंप्राळ्यात एप्रिलच्या दुपारी शहाणी माणसं दुसरं काही करत नाहीत. त्यातून ते पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. त्यामुळे अंगावर ओला पंचा आणि चेहऱ्यावर खात्याची अब्रू, अशा बेतानं त्यांनी फोन उचलला.

"काय व्याही, बठ्ठं बरं शे ना?" पलीकडून निंबा आबा बोरसे गरजले. आबांचा आवाज धुळ्याहून फोनशिवायही पोचला असता.

"हो हो, आबा. तुम्ही कसे?"

"आम्ही मजामा. मी काय म्हनस, सारिकाले आम्ही बाळंतपणले आठेच ठेवतस. तुमनी ती वरनी खोली, तिले पत्रा शे ना वर? पोर पोटुशी शे. आमनाकडे एसी शे."

आबांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि ते माहेरच्या पत्र्यामुळे हुकायचं, हे अभिमनरावांना कानशिलात बसल्यासारखं लागलं. कानशिलात बसली की माणूस काहीही बोलतो.

"छे छे, आबा! त्या खोलीचं काम काढलंय ना. अगदी गारेगार करतोय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घेऊन या सारिकाला, स्वतः बघा."

"अस्सं? मंग ठीक शे. येतस आम्ही."

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रत्नाबाईंनी विचारलं, "कसलं काम काढलंय?"

"ते अजून ठरायचंय," अभिमनराव म्हणाले.

संध्याकाळी सारिकाचाही फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "पप्पा, मला तिकडेच यायचंय हं. इथे सगळे चांगले आहेत. पण एसी एकाच खोलीत आहे आणि तिथे सासरची सगळी माणसं येऊन बसतात. कुणी ना कुणी मला काही ना काही खायला घालतंच." एवढं ऐकल्यावर अभिमनरावांना रात्रभर झोप आली नाही. त्यातली निम्मी उकाड्यामुळे आली नाही, हे मान्य करायला हवं.

त्या खोलीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. स्लॅब नंतर घालू म्हणून तिच्यावर पत्रा टाकला होता, आणि अभिमनरावांच्या नोकरीत 'नंतर' हा शब्द फार आदराने वापरला जाई. उन्हाळ्यात तिथे फक्त मिरच्या ठेवत. एकदा रत्नाबाई गणपतीच्या मेणबत्त्यांचा पुडा तिथे विसरल्या, तर आखाजीपर्यंत त्याची एकच मोठी मेणबत्ती झाली होती. इलेक्ट्रिशियनला एसीचं विचारलं तर त्याने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, बसवतो की. पण या पत्र्याखाली तो तापीकाठापर्यंत हवा गार करेल, खोली नाही करणार. आधी वरचं काही बघा."

वरचं काय बघायचं, हे सांगायला गल्ली तयारच होती. एकाने चुना मारायला सांगितलं. दुसऱ्याने ओली पोती टाकायला सांगितली. शेजारच्या सुमनअक्का पहूरच्या, शेतातल्या घरात वाढलेल्या. त्यांनी पत्र्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पसरायला सांगितलं, कारण त्यांच्या माहेरी गोठ्यावर तेच करत आणि एकाही म्हशीची कधी तक्रार नव्हती. अभिमनरावांनी सगळं केलं. चुना वाऱ्याने उडून रत्नाबाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसला. पोती सुकायच्या आधी पत्र्याच्या भोकांतून खाटेवर ठिबकली. पऱ्हाटीवर कबुतरांनी संसार मांडला. खोलीत गेलं की मात्र भाजणीच्या कढईत उतरल्यासारखंच वाटे. फक्त आता वरून कबुतरं घुमत.

मार्ग सापडला तो सावद्याला, एका लग्नात. मांडवात जीव कासावीस झालेल्या अभिमनरावांना यजमानांनी "चला, जरा गार बसवतो" म्हणून केळी पिकवायच्या चेंबरमध्ये नेलं. जाड दार उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि अभिमनरावांचे डोळे आपोआप मिटले. भिंतींवर, छतावर पिवळसर, फुगीर, कडक असा थर होता. "हा फोम," यजमान म्हणाले. "बंदुकीने मारतात. ओला मारला की फुगतो, मग दगडासारखा बसतो. बाहेरची धग आत येऊ देत नाही." पंगत बसली तरी अभिमनराव चेंबरमधून निघेनात. केळ्यांच्या घडांमध्ये उभे राहून त्यांनी फोम मारणाऱ्या माणसाचा नंबर घेतला.

तो माणूस म्हणजे पाचोऱ्याचा हितेंद्र. तरुण, हसरा आणि आत्मविश्वासाने ओतप्रोत. आयुष्यात त्याने केळ्यांच्या खोल्यांशिवाय दुसरं काही फवारलं नव्हतं. ही गोष्ट त्याच्या बोलण्यातून लगेच उघडी पडली.

"झकास आहे, काका," खोली पाहून तो म्हणाला. "आत किती क्रेट बसवायचे?"

"क्रेट नाही. माझी मुलगी राहणार आहे."

हितेंद्रने जरा विचार केला. "मग रॅक नकोत?"

"खाट आहे."

"आणि पिकवायच्या गॅसची नळी कुठून घ्यायची?"

"गॅस नको!" अभिमनराव आणि रत्नाबाई एकदमच ओरडले.

"नको तर नको. पण काम बघाल, काका. माझ्या चेंबरमधून आजवर कुणाची तक्रार आली नाही."

"केळी कशाला तक्रार करतील?" रत्नाबाई पुटपुटल्या. पण तोवर नवऱ्याच्या चेहऱ्यावर सावद्याचा गारवा पसरला होता.

आता राहिली परवानगी. कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष जीवराम आप्पा अतिशय सरळ माणूस, आणि सरळ माणसाइतका त्रास दुसरं कुणी देत नाही. आप्पांनी खास सभा बोलावली. प्रश्न असा होता की फोम मारणं हे बांधकाम की रंगकाम? बांधकाम असेल तर नकाशा हवा. रंगकाम असेल तर कॉलनीचा ठरलेला रंग बदामी, आणि फोम पिवळट. तेव्हा तो नियमात बसत नाही. अभिमनरावांनी जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर असलेच शेरे मारले होते. आज समोरून शेरा येताना पाहून त्यांना त्या सगळ्या अर्जदारांची पहिल्यांदाच मनापासून कीव आली. "आप्पा, फोम आतल्या बाजूने आहे हो. दिसणारसुद्धा नाही," ते काकुळतीने म्हणाले.

"न दिसणारं काम जास्त संशयास्पद," आप्पा म्हणाले.

शेवटी बंदूक, नळी आणि तोंडाला मास्क हे सगळं ऐकून आप्पांनी निवाडा केला, की ही फवारणी आहे. फवारणीला नकाशा लागत नाही, शेजाऱ्यांना सूचना लागते. त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिलं: 'उद्या देवरे यांचे घरी फवारणी. सर्वांनी नोंद घ्यावी.'

सर्वांनी नोंद घेतली. डासांची फवारणी म्हणून घेतली. डासांची फवारणी पिंप्राळ्यात संध्याकाळी होते, हे लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे सुमनअक्कांनी सकाळी निर्धास्तपणे आपल्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या आणि वर्षभराचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले. ज्वारी भिजवा, सडा, दळा, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवा, मग ओल्या हाताने एकेक बिबडा थापा. कंबर मोडणारं काम. आणि त्यात तीन लेकींचे वाटे, आखाजीला माहेरी आल्या की न्यायचे.

हितेंद्र पांढरा पोशाख चढवून, तोंडावर मोठा मास्क लावून वर गेला तेव्हा चंद्रावर निघालेला माणूस चुकून देवऱ्यांच्या जिन्याला लागल्यासारखा दिसत होता. खाली ट्रकमध्ये यंत्र घरघरू लागलं, नळी फुगली, आणि पत्र्याला आतून पिवळा फेस चढू लागला. उतू जाणाऱ्या दुधासारखा तो फुगायचा आणि आहे तिथेच थिजायचा. अभिमनराव अंगणातून वर पाहत होते. वास घराबाहेर जावा म्हणून हितेंद्रने खिडकी उघडी ठेवली होती. केळ्यांच्या चेंबरला खिडकी नसते, हा तपशील त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आला नाही. अकराच्या सुमारास वारा सुटला. गरम, कोरडा, भरधाव वारा. तो एका बाजूने खोलीत शिरला, फोमचा बारीक तुषार उचलला आणि दुसऱ्या बाजूने थेट सुमनअक्कांच्या गच्चीवर नेऊन टाकला.

अक्का बिबडे उलटायला गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. सगळ्या बिबड्यांवर पिवळे, खरखरीत दाणे. बोटाने निघेनात, नखाने निघेनात. तेवढ्यात अभिमनराव धावत वर पोचले. एक बिबडा उचलून ते दाणे खरवडू लागले, तर बिबडा हातातच मोडला. खरं तर त्या क्षणी गप्प राहायचं होतं. पण माणूस घाबरला की मदत करायला जातो.

"अक्का," ते म्हणाले, "तळल्यावर कळणारही नाही."

सुमनअक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भर उन्हात अभिमनरावांना थंडी वाजली. "रत्ना," त्या शेजारच्या गच्चीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, या जन्मात मी त्यांच्याशी बोलायची नाही." आणि खाली निघून गेल्या. इतकी वर्षं शेजार, पण अक्कांच्या डोळ्यांत पाणी अभिमनरावांनी त्या दिवशीच पाहिलं. खाली आप्पांच्या काळ्या स्कूटरलाही देवी आल्यासारखं झालं होतं, पण त्याचं अभिमनरावांना तेवढं लागलं नाही.

खोली मात्र गार झाली. छत गुबगुबीत, गाठीगाठींचं, दिसायला जरा विचित्र. पण खाली उभं राहिलं की जाणवे, डोक्यावरचा तवा कुणीतरी उतरवून ठेवलाय. हितेंद्रने वास जाईपर्यंत दोन दिवस दार-खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या आणि तो पुढच्या केळ्यांकडे गेला. मग सुताराने खालून पांढरे तक्ते ठोकून त्या गाठी झाकल्या. अभिमनराव रोज वर जाऊन यायचे आणि खाली येताना तोंड पाडून यायचे. खोलीचा आनंद घ्यावा तर समोर खिडकीतून अक्कांची रिकामी गच्ची दिसायची.

वाट काढली ती रत्नाबाईंनी. त्यांनी कुणाला न विचारता ज्वारी भिजत घातली. दोन-चार दिवसांनी पहाटे देवऱ्यांच्या गच्चीवर पातेलं चढलं आणि गल्लीतल्या बायका एकेक करून वर आल्या. शेवटी सुमनअक्काही आल्या, कारण दुसऱ्यांनी थापलेले बिबडे जाड होतात, हे त्यांना घरात बसून सहन होईना. अभिमनरावांना घाटा ढवळायला बसवलं.

"रत्ना, त्यांना सांग, तळाला लागतंय," अक्का म्हणाल्या. अक्का त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या.

"अहो, तळाला लागतंय," रत्नाबाई म्हणाल्या.

"त्यांना सांग, ऐकलं," अभिमनराव नम्रपणे म्हणाले आणि जोरात ढवळू लागले. नंतर गरम घाट्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल घालून सगळ्यांनी खाल्लं, तेव्हा त्यांच्या वाटीत कुणीतरी न मागता आणखी एक डाव वाढला. वाढणारा हात अक्कांचा होता. बोलणं मात्र बंदच.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण खोलीच्या दाराखालून आणि चौकटीच्या कडेने गरम झुळूक आत येत होती, आणि हाती घेतलेलं काम अर्धवट ठेवायचं नाही ही खोड अभिमनरावांना नेमकी निवृत्तीनंतर लागली होती. हार्डवेअरच्या दुकानात फोमचा डबा मिळतो असं कळलं. दुकानदार म्हणाला, "थोडाच मारा, भाऊ. तो नंतर फुगतो." पण 'थोडा' म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही आणि अभिमनरावांनी विचारलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी, रत्नाबाई बिबड्यांचा शेवटचा घाणा उरकायला अक्कांकडे गेल्या असताना, अभिमनराव डबा घेऊन वर गेले. फट नीट दिसावी म्हणून त्यांनी दार आतून लावून घेतलं. चौकटीच्या चारी बाजूंनी, दाराखालून, बिजागऱ्यांच्या मागून, जिथे म्हणून उजेडाची रेघ दिसली तिथे त्यांनी फोम भरला. खिडकीची झडपही हलत होती, तिलाही भरला. उरलेला हाताला लागला, आणि डोकं खाजवल्यामुळे डोक्यालाही. मग झुळूक बंद झाली. खोलीत इतकी सुंदर शांतता पसरली की ते खाटेवर जरा टेकले, आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. चौकटीतून पिवळा फेस मूठ-मूठभर बाहेर येऊन कडक झाला होता. कडी निघाली, पण दार हलेना. खिडकी हलेना. फोन खाली होता. त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग आबांच्या पट्टीत मारली. पण फोम जशी धग अडवतो तसा आवाजही अडवतो, हे ज्ञान त्यांना त्या क्षणी झालं.

आता भीती वाटू लागली. उद्या लेक यायची, आणि बाप तिच्याच खोलीत डांबून पडलेला! भिंतीत कूलरच्या नळीसाठी ठेवलेलं एक गोल भोक तेवढं उघडं होतं. अभिमनरावांनी त्यातून हात बाहेर काढला आणि हलवायला सुरुवात केली.

बिबडे पालथे करायला गच्चीवर आलेल्या सुमनअक्कांना शेजारच्या भिंतीतून एक हात बाहेर आलेला दिसला. बोटं जुळलेली, जणू कुणी साधू आशीर्वाद देतोय.

"रत्ना!" त्यांनी जिन्यात हाक दिली. "तुमच्या भिंतीतून हात आलाय गं! त्यांना विचार, काय पाहिजे!"

रत्नाबाई खाली पातेलं घासत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. अक्का भोकाजवळ कान नेऊन उभ्या राहिल्या. आतून फार बारीक आवाज आला, "दार... दार उघडत नाही..." अक्कांच्या मनात ती खोली अजून जुनीच होती, मेणबत्त्या वितळवणारी. मे महिन्याची दुपार, पत्र्याची खोली, आणि माणूस आत कोंडलेला! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अभिमनभाऊ! अहो अभिमनभाऊ, जीव आहे ना? बोला काही तरी! बोलत राहा!" आणि साडीचा पदर खोचून, हातातलं उलथनं तसंच घेऊन, साठी उलटलेल्या सुमनअक्का दोन गच्च्यांमधला कठडा चढून पलीकडे उतरल्या. आतून अभिमनरावांनी त्यांचा आवाज ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले. कोंडल्यामुळे नव्हे. या जन्मात बोलायचं नाही म्हणालेली बाई त्यांना हाक मारत होती.

नेमकी त्याच वेळी खाली रिक्षा थांबली. निंबा आबा पंचांगाची वाट न पाहता एक दिवस आधीच सारिकाला घेऊन आले होते. घर उघडं आणि आत कुणी नाही, असं पाहून आबा "व्याही! ओ व्याही!" करत जिना चढले. वर बघतात तो एक बाई उलथन्याने दाराच्या कडा खरवडतेय आणि रडत रडत कुणाला तरी रागावतेय.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"आमचे भाऊ आत अडकलेत! ढकला!" अक्का म्हणाल्या.

ओळखदेख करायची ती वेळ नव्हती. अक्कांनी खालची कड कापली, आबांनी खांदा लावला. फोम करकरला, दार एकदम सुटलं, आणि दारासकट निंबा आबा आत जाऊन खाटेवर आडवे झाले. बाजूला अभिमनराव उभे. डोक्यावर पिवळा तुरा, आशीर्वादाचा हात वर, डोळ्यांत पाणी. व्याह्यांचं स्वागत कसं करायचं याचा त्यांनी महिनाभर सराव केला होता. त्यातलं एक वाक्य आठवेना.

आबा मात्र उठले नाहीत. त्यांनी पडल्या पडल्या छताकडे पाहिलं, भिंतीला तळवा लावला.

"व्याही," ते हळूच म्हणाले, आणि आबांना हळू बोलता येतं हे पिंप्राळ्याला तेव्हा कळलं, "हाई खोली ते भलती गार शे. आमना एसीना वारा डोकाले लागस. हाई गोड शे." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. प्रवासाने दमले होते. चहा होईपर्यंत ते घोरत होते.

मागून जिना चढून आलेल्या सारिकाने बापाचं ते रूप पाहिलं आणि पोट धरून हसली. मग हसता हसता येऊन त्यांना बिलगली. "पप्पा, हे सगळं माझ्यासाठी?"

"जरा जास्तच झालं," अभिमनराव म्हणाले.

बोटं सुटायला वजरी आणि खोबरेल तेल घेऊन दोन दिवस बसावं लागलं. डोक्यावरचा तुरा न्हाव्याकडे उतरवला. सुताराने दाराच्या कडा तासून ते मोकळं केलं. या सगळ्यात एकदा सुमनअक्का एकट्या भेटल्या तेव्हा अभिमनरावांनी घसा खाकरला. आयुष्यभर त्यांनी पत्रांच्या शेवटी 'आपला आभारी' असं लिहिलं होतं, पण तोंडाने म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

"अक्का, तुम्ही त्या दिवशी..."

"गप बसा," अक्का म्हणाल्या. "मिरच्या आणायला बाजारात निघालेय. तुम्हाला हव्यात का?" अभिमनरावांना मिरच्या नको होत्या. ते "हो" म्हणाले.

मे सरता सरता उन्हाने कहर केला. एका दुपारी वीजही गेली. गल्लीतले कूलर मुके झाले, तशा बायका एकेक करून देवऱ्यांकडे आल्या आणि जिना चढून वर गेल्या. खाटेवर सारिका, खाली चटईवर अक्का, रत्नाबाई आणि आणखी दोघीतिघी. थोड्या वेळाने अभिमनराव दारापाशी जाऊन पाहून आले. सगळ्या झोपल्या होत्या. पाय टाकायला जागा नव्हती. त्यांनी अलगद दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. बनियन पाठीला चिकटलं होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या सभेबद्दल काही बोलायला जीवराम आप्पा फाटकातून आत आले. अभिमनरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, आप्पा. पोर झोपलीय."

आप्पांनी वर पाहिलं. मग वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी येऊन शेजारी पायरीवर बसले. दोघेही घाम पुसत बसून राहिले. सभेचं नाव कुणीच काढलं नाही.